दिनदर्शिका की कामांची यादी? रुग्णालयाच्या कामकाजातील एका निवडीविषयी

(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत प्रशासकाने खाटा, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांविषयी निवेदन करावे असा प्रघात आहे. ती सर्व आकडेवारी या अहवालाच्या पुढील पानांवर दिलेली असल्यामुळे येथे तिची पुनरुक्ती करीत नाही. अध्यक्ष महोदयांनी मला यंदा वेगळा विषय सुचविला. कार्यालयाच्या भिंतीवरचे दोन मोठे फळे उतरवून त्यांवरील नोंदी संगणकावर व भ्रमणध्वनीवर नेण्याचा प्रस्ताव मंडळापुढे आला, तेव्हा एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले होते, "यात एवढे ठरवण्यासारखे काय आहे? मोबाइलमध्ये तारीख टाकली की झाले." प्रश्न साधा होता आणि रास्तही होता. त्याचे उत्तर सभेच्या इतिवृत्तात दोन ओळींत नोंदले गेले. त्यामागचा विचार आपणा सर्वांपुढे मांडावा, कारण त्याचा संबंध आपण दिलेल्या पैशाशी आणि येथे उपचार घेणाऱ्या माणसांशी आहे, असे अध्यक्षांचे मत पडले.

भ्रमणध्वनीवर कामाची आठवण ठेवणारी जी साधने मिळतात, त्यांचे ढोबळमानाने दोन वंश आहेत. एक दिनदर्शिकेचा. गूगल कॅलेंडर हे त्यातले आपल्याकडे सर्वांत परिचित नाव. ते २००६ साली सुरू झाले. दुसरा वंश कामांच्या यादीचा. टुडूइस्ट, मायक्रोसॉफ्ट टू डू, गूगल टास्क्स, एनी डू ही त्यातली काही नावे. दोन्हींमध्ये तारीख टाकता येते, दोन्ही घंटी वाजवतात, आणि अलीकडे दोन्ही एकमेकांच्या अंगणात इतकी शिरली आहेत की विकत घेणाऱ्याला किंवा फुकट वापरणाऱ्यालाही त्यांतला भेद चटकन उमगत नाही. भेद मात्र आहे आणि तो मूलभूत आहे.

आपल्या घरांत तो फार जुना आहे. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' सुरू केले आणि मराठी घराच्या भिंतीवर एक कायमची खुंटी त्याला मिळाली. त्या पानावर गृहिणी काय लिहिते ते पाहावे. दूध किती आले, गॅसचे सिलिंडर कधी लावले, कामवाल्या बाईंचा खाडा कोणत्या दिवशी झाला, हे सारे तारखेच्या चौकटीत. पण वाणसामानाची यादी ती कधी त्या चौकटीत लिहीत नाही. ती वेगळ्या कागदावर असते, फडताळाच्या दाराला किंवा फ्रिजला अडकवलेली, आणि जिन्नस घरात येईपर्यंत तिथेच राहते. महिना उलटला म्हणून न आणलेली हळद यादीतून आपोआप निघून जात नाही. या शहाणपणासाठी कोणत्याही माऊलीला प्रशिक्षण घ्यावे लागले नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, त्यामुळे माझे मन अशा वेळी हिशेबाच्या वह्यांकडे धाव घेते. दिनदर्शिका ही रोजकीर्द आहे. ज्या दिवशी जे घडायचे ते त्या दिवसाच्या पानावर. कामांची यादी ही येणेबाकीची खतावणी आहे. रक्कम वसूल होईपर्यंत ते खाते बंद होत नाही, वर्ष संपले तरी बाकी पुढे ओढली जाते. केवळ रोजकीर्द ठेवून येणेबाकीची खतावणी न ठेवणाऱ्या पेढीचे काय होते हे येथे बसलेल्या व्यापारी बंधूंना मी सांगण्याची आवश्यकता नाही. रोजच्या व्यवहारात सारे ठीक दिसते आणि उधारी कुणाकडे किती राहिली ते कोणालाच ठाऊक नसते.

ही केवळ उपमा नाही, हे मला नंतर आमच्या संगणक विभागातील तरुण सहकाऱ्याने दाखवून दिले. निरनिराळ्या दिनदर्शिकांना एकमेकींची भाषा समजावी म्हणून 'आयकॅलेंडर' नावाचे एक तांत्रिक मानक १९९८ साली ठरविण्यात आले आणि २००९ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्या मानकात 'प्रसंग' आणि 'करावयाचे काम' हे दोन पूर्णपणे वेगळे प्रकार मानले आहेत. प्रसंगाला आरंभाची वेळ असते आणि शेवटची वेळ असते. कामाला मुदत असते, किती टक्के झाले याची नोंद असते, आणि पूर्ण केव्हा झाले ती वेळ असते. 'पूर्ण झाले' अशी नोंद करण्याची जागा प्रसंगाला मुळातच दिलेली नाही. तिची गरजही नाही. सभेची वेळ संपली की सभा भूतकाळात जमा होते, ती झाली किंवा न झाली, दिनदर्शिकेच्या दृष्टीने सारखेच.

रुग्णालयात मात्र ते सारखे नाही, आणि येथून मी मूळ मुद्द्याकडे येतो.

मूतखड्याच्या उपचारात पुष्कळदा मूत्रवाहिनीत एक बारीक, लवचीक नळी बसवली जाते. तिला डीजे स्टेंट म्हणतात. मूत्रपिंडातून मूत्राशयात मूत्र नीट उतरावे, सूज ओसरेपर्यंत वाट मोकळी राहावी, यासाठी ती असते आणि ती तात्पुरती असते. डॉक्टर रुग्णाच्या प्रकृतीनुसार काही आठवड्यांनी किंवा फार तर दोनतीन महिन्यांनी ती काढण्याची तारीख देतात. बसवल्यानंतर थोडेच दिवसांत रुग्णाला बरे वाटू लागते, वेदना थांबतात, आणि बरे वाटणे हाच येथे धोका ठरतो. नळी विसरली जाते. विसरलेल्या नळीवर क्षारांचे थर चढतात, तिच्याभोवती नवा खडा धरतो, जंतुसंसर्ग होतो, आणि क्वचित ते मूत्रपिंड कायमचे निकामी होते. मूत्ररोगतज्ज्ञांच्या व्यवहारात 'विसरलेली नळी' हा स्वतंत्र नावाने ओळखला जाणारा प्रश्न आहे, इतका तो सर्वत्र आढळतो.

आमच्याकडे असे एक ऊसतोड कामगार दाखल झाले होते. नळी अन्य एका रुग्णालयात बसवलेली होती. घरी सोडताना त्यांना "तीन महिन्यांनी या" असे तोंडी सांगण्यात आले होते. दिवाळी झाली, टोळीबरोबर ते कारखान्यावर गेले, फडावर राहिले, मोबाइलचे कार्ड बदलले. हंगाम संपवून गावी परतले आणि पुन्हा पोट दुखू लागले तेव्हा ती नळी थरांनी वेढलेली होती. एका साध्या, थोड्या वेळाच्या प्रक्रियेत जे झाले असते त्यासाठी एकाहून अधिक वेळा भूल द्यावी लागली. त्यांच्या पत्नी माझ्या कार्यालयात बिलासंबंधी आल्या होत्या. त्यांनी विचारले, "साहेब, त्यांनी आम्हाला एक फोन का नाही केला?" त्या बाईंना उत्तर देणे माझ्या अधिकारातले नव्हते. पण तोच प्रश्न उद्या आपल्या रुग्णालयाला कोणी विचारला तर, या विचाराने मी त्याच आठवड्यात आमच्याकडील पद्धत तपासून पाहिली.

आमच्याकडे कागदी नोंदवही होती आणि आहे. फळ्यावरही नोंद होत असे. आता ही नोंद दिनदर्शिकेत नेली असती तर काय झाले असते, ते पाहा. नळी काढण्याच्या दिवशी सकाळी घंटी वाजली असती. रुग्ण आला तर उत्तम. नाही आला, तर संध्याकाळपर्यंत ती नोंद पडद्यावर राहिली असती आणि दुसऱ्या दिवशी तिची जागा दुसऱ्या दिवसाच्या नोंदींनी घेतली असती. ज्या रुग्णाची आठवण सर्वाधिक तीव्रतेने व्हायला हवी, म्हणजे जो आला नाही त्याची, नेमकी तीच आठवण दिनदर्शिका पुसून टाकते. आमच्या मेट्रन बाईंनी हे चाचणीच्या दुसऱ्याच आठवड्यात एका वाक्यात सांगितले. "सर, घंटा वाजते आणि विझते, पेशंट मात्र अजून बाहेरच असतो." त्यांना आयकॅलेंडरचे मानक ठाऊक नव्हते.

यादीत तीच नोंद मुदत टळताच लाल अक्षरांत वर येते आणि कोणीतरी खूण करीपर्यंत तेथून हलत नाही. म्हणून स्टेंटची नोंद आता यादीत असते, मुदतीच्या तारखेसह, आणि खूण करण्याचा अधिकार फक्त शस्त्रक्रियागृहाच्या प्रभारी परिचारिकेला आहे. रुग्णाला दूरध्वनी केला म्हणून खूण करायची नाही, नळी बाहेर आल्यावर करायची. या एका नियमावर आमची सर्वाधिक चर्चा झाली. फोन करणाऱ्या समाजसेविका ताईंचे म्हणणे असे की त्यांनी आपले काम केलेले असते, मग ते पूर्ण का दिसू नये? त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. तेव्हा त्यांचे फोन करणे हे वेगळे काम म्हणून त्यांच्या नावावर लिहिले जाऊ लागले आणि नळीचे काम मूळ जागी उघडे राहू लागले. कामाचे नाव लिहिताना ते क्रियापदाने संपावे आणि ते झाले की नाही हे तिऱ्हाइतालाही सांगता यावे, एवढी एक सवय सर्वांना लावून घ्यावी लागली. 'स्टेंट पाठपुरावा' असे लिहिलेले काम कधीच संपत नाही, 'स्टेंट काढणे' संपते.

मग दिनदर्शिका कशासाठी? शस्त्रक्रियागृहाच्या वेळा, मानद तज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागाचे दिवस, भूलतज्ज्ञांची उपलब्धता, सभागृहाचे आरक्षण, रुग्णवाहिकेची पाळी यांसाठी. या साऱ्या गोष्टींत समान धागा असा की एक जागा किंवा एक माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. येथे यादी निरुपयोगी आहे. मानद अस्थिरोगतज्ज्ञ गुरुवारी दुपारी उपलब्ध आहेत हे काम नव्हे, ती वस्तुस्थिती आहे, आणि ती सर्वांना एकाच वेळी दिसायला हवी. सामायिक दिनदर्शिका सुरू झाल्यापासून एकाच टेबलावर एकाच वेळी दोन रुग्णांना तारीख देण्याचा प्रकार नोंदणी खिडकीवरच लक्षात येतो. पूर्वी तो त्या दिवशी सकाळी, रुग्ण उपाशीपोटी येऊन बसल्यावर लक्षात येण्याची शक्यता असे.

क्लबफूटच्या, म्हणजे जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळांचे उदाहरण मला विशेष वाटते, कारण त्यात दोन्ही लागतात. पोन्सेटी पद्धतीने आठवड्याला एक याप्रमाणे बहुधा पाचसहा प्लास्टर लागतात. दर आठवड्याचा तो वार दिनदर्शिकेत पुनरावृत्तीच्या नोंदीने एकदाच टाकला की पुरतो. पुढे विशेष बूट जोडलेली पट्टी येते, प्रथम सुमारे तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि नंतर बाळ चार वर्षांचे होईपर्यंत झोपेच्या वेळी. पाऊल सरळ दिसू लागल्यावर आईवडिलांना पट्टीचा कंटाळा येतो, आणि पट्टी सुटली की पाऊल पुन्हा वळू लागते. येथे वार नाही, वेळ नाही, तरी चार वर्षांचा पाठपुरावा आहे. दिनदर्शिकेत तो हरवतो. यादीत प्रत्येक बाळाच्या नोंदणी क्रमांकासमोर तो टिकतो. श्वानदंशाच्या लसीचेही असेच. त्वचेत देण्याच्या पद्धतीत पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मात्रा द्यायच्या असतात. दिवस दिनदर्शिकेत, आणि न आलेला रुग्ण यादीत.

सरकारी मुदतींविषयी थोडक्यात सांगतो, कारण देणगीदारांना त्यात रस कमी आणि विश्वस्तांना चिंता अधिक असते. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालील मासिक अहवाल पुढील महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत, अग्निसुरक्षेचे सहामाही प्रमाणपत्र जानेवारी व जुलैमध्ये. याखेरीज क्ष-किरण यंत्रांचा परवाना, उद्वाहनाची तपासणी, प्राणवायूच्या टाकीची कागदपत्रे, धर्मादाय आयुक्तांकडील विवरणे. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखणे आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करणे हे आपणांस ठाऊक आहेच. त्याचीही विवरणे असतात. ह्या सर्व अंतिम तारखा आम्ही दिनदर्शिकेत लिहिल्या, पण तेवढ्यावर थांबलो असतो तर ५ तारखेची घंटी ५ तारखेलाच वाजली असती. सोनोग्राफी केंद्राच्या नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी येते आणि त्यासाठी मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. तो अर्ज एका दिवसात तयार होत नाही. म्हणून अंतिम तारीख दिनदर्शिकेत आणि तयारीची कामे यादीत, प्रत्येक कामावर एका माणसाचे नाव, अशी विभागणी केली. एकाच कामावर दोघांची नावे असली तर ते काम कोणाचेच नसते, हे मी तीस वर्षांच्या नोकरीत निरनिराळ्या कचेऱ्यांत पाहिले आहे.

यादीचा एक मोठा दोष आहे आणि तो लपवून तिची भलामण करणे योग्य होणार नाही. यादीला तळ नसतो. दिवसाला चोवीसच तास असतात हे दिनदर्शिका डोळ्यांपुढे मांडते. चौकट भरली की भरली. यादी मात्र कितीही कामे पोटात घेते आणि तक्रार करीत नाही. हिशेबाच्या भाषेत यादी हे मागणीपत्रक आहे आणि दिनदर्शिका ही हातातली शिल्लक. मागणीपत्रके मंजूर करीत सुटलेल्या आणि शिल्लक न पाहणाऱ्या खजिनदाराची जी अवस्था होते, तीच केवळ यादीवर चालणाऱ्या माणसाची होते. शिवाय कामाला किती वेळ लागेल याचा आपला अंदाज नेहमी तोकडा असतो. कॅनडातील संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना आपला प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल असे विचारले होते; त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात सरासरी सुमारे ५५ दिवस लागले. आपण विद्यार्थी नाही, पण इमारतीच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक आठवावे.

म्हणून काही जाणकार असे सुचवितात की यादीतले प्रत्येक काम उचलून दिनदर्शिकेच्या चौकटीतच बसवावे. अमेरिकेतील डेव्हिड ॲलन यांचे २००१ सालचे 'गेटिंग थिंग्ज डन' हे पुस्तक याच्या उलट बाजूला उभे आहे: ज्या गोष्टी त्याच दिवशी किंवा त्याच वेळी व्हायला हव्यात तेवढ्याच दिनदर्शिकेत लिहाव्यात, बाकी साऱ्या यादीत. दोन्ही पद्धती मी स्वतः वापरून पाहिल्या. माझे मत असे झाले की ज्याचा दिवस त्याच्या ताब्यात आहे त्याला पहिली पद्धत मानवते. लेखापालांना महिनाअखेर सकाळचे दोन तास चौकटीत राखून ठेवता येतात आणि ते त्यांनी ठेवावेत. मीही देणगीदारांच्या पत्रांना उत्तरे देण्यासाठी रोज एक चौकट राखतो. परंतु अपघात विभागातील परिचारिकेला दुपारी तीन ते चार 'साठा तपासणी' अशी चौकट आखून देणे म्हणजे थट्टा आहे. तिला यादी द्यावी, आणि पाळी संपण्यापूर्वी हे व्हावे एवढेच सांगावे.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो. शस्त्रक्रियागृहात भिंतीवर जी सुरक्षा तपासणी सूची लावलेली आहे, ती या चर्चेतली यादी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ती १९ मुद्द्यांची सूची प्रसृत केली. डॉ. अतुल गवांदे, ज्यांचे वडील मूळचे आपल्या विदर्भातले, त्या प्रयत्नाचे अग्रणी होते. आठ शहरांतील रुग्णालयांत तिचा अभ्यास झाला, त्यात दिल्लीही होती, आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. ती सूची प्रत्येक रुग्णासाठी तीच असते आणि मोठ्याने वाचायची असते. आमच्या एका उत्साही सहकाऱ्याने तीही भ्रमणध्वनीवर नेण्याची कल्पना मांडली होती. शस्त्रक्रियागृहप्रमुखांनी ती नम्रपणे परंतु ठामपणे नाकारली. हातमोजे घातलेल्या माणसाने पडद्याला बोट लावावे हे त्यांना पटले नाही, आणि मलाही पटले नाही.

आता प्रत्यक्ष निवड. दिनदर्शिकेसाठी आम्ही गूगल कॅलेंडर घेतले, कारण बहुतेक मानद डॉक्टरांच्या भ्रमणध्वनीवर ते आधीपासूनच होते. ज्याला नवे काही शिकावे लागत नाही ते साधन निम्मे जिंकलेले असते. यादीसाठी टुडूइस्ट आणि मायक्रोसॉफ्ट टू डू या दोहोंची एकेका विभागात चाचणी घेतली. टुडूइस्ट अधिक चपळ वाटले. तरीही आम्ही टू डू पसंत केले, कारण सामायिक यादीत काम नावाने सोपविता येते आणि त्यासाठी वेगळा खर्च करावा लागला नाही. त्यात 'माय डे' नावाचे एक पान आहे. सकाळी मोठ्या यादीतून आजची कामे तेवढी त्यावर घ्यायची. रात्री ते पान आपोआप रिकामे होते आणि न झालेली कामे मूळ यादीत शाबूत राहतात. मेट्रन बाईंना ही सोय फार आवडली. रोज सकाळी पाटी कोरी, पण देणे बुडालेले नाही.

धर्मादाय संस्थांना संगणकीय कंपन्या सवलती देतात, त्या का घेतल्या नाहीत, असेही विचारले गेले. त्या योजनांच्या अटी बारकाईने वाचाव्या लागतात. गूगलच्या ना-नफा संस्थांसाठीच्या योजनेत रुग्णालये बसत नाहीत.

फुकट साधनांवर विसंबण्यात एक धोका आहे. ती आपली नसतात. बर्लिनमध्ये जन्मलेली वंडरलिस्ट ही यादी जगभर लोकप्रिय होती; २०१५ साली मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि मे २०२० मध्ये ती बंद झाली. गूगलनेही आपली 'रिमाइंडर्स' ही सोय २०२३ साली टास्क्समध्ये विलीन केली. वापरणाऱ्यांना सूचना मिळाल्या होत्या, स्थलांतराची वाटही होती, पण ज्यांनी सूचना वाचल्या नाहीत त्यांचे काय? यासाठी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोन्हींतील नोंदींचा छापील उतारा काढून तो फाइलला लावला जातो. स्टेंटची कागदी नोंदवही तर बंद केलेलीच नाही. हे दुहेरी काम आहे असा आक्षेप आला. दुहेरी नोंद हा माझ्या शास्त्राचा पायाच आहे, असे उत्तर मी दिले. ते विनोदाने घेतले गेले, पण मी ते गंभीरपणे म्हणालो होतो.

रुग्णांच्या आप्तेष्टांना याहून महत्त्वाची शंका असेल. आमच्या माणसाचा आजार कुणाच्याही मोबाइलवर दिसणार का? दिसणार नाही. दिनदर्शिकेत व यादीत रुग्णाचे नाव, गाव, निदान किंवा दूरध्वनी क्रमांक लिहिण्यास मनाई आहे. फक्त नोंदणी क्रमांक लिहिला जातो आणि तो कोणाचा हे नोंदणी विभागाच्या दप्तरावरूनच कळते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने संमत केला आहे. तथापि कायदा नसता तरी नियम हाच असता. मानद डॉक्टरांपैकी दोघांना हे गैरसोयीचे वाटते. क्रमांक वाचून रुग्ण आठवत नाही, असे ते म्हणतात. त्यांची गैरसोय मला मान्य आहे आणि नियम बदललेला नाही.

घंट्यांविषयी एक तक्रार अद्याप शिल्लक आहे. प्रारंभी प्रत्येक नोंदीला घंटी लावली गेली आणि आठवड्याभरात सर्वांनी आपापल्या यंत्रांचे आवाज बंद करून टाकले. अतिदक्षता विभागात यंत्रांच्या सततच्या आवाजाने कान बधिर होतात हे डॉक्टर मंडळी जाणतातच. कार्यालयातही तेच घडले. आता घंटी फक्त दिनदर्शिकेला आहे, यादीला नाही. यादी पाळीच्या आरंभी आणि अखेरीस डोळ्यांनी वाचायची. लसींच्या शीतकपाटाचे तापमान दिवसातून दोनदा पाहून लिहितात, २ ते ८ अंशांच्या आत आहे ना ते, तसेच. रात्रपाळीत हे वाचन अजून नियमित होत नाही. त्यावर उपाय काय करावा याविषयी परिचारिका वर्गाशी बोलणी चालू आहेत. कोणा देणगीदारांना आपापल्या कारखान्यातील पाळ्यांचा अनुभव असेल तर त्यांनी मला अवश्य सांगावा.

शेवटी आप्तेष्टांकडे एक विनंती. आमच्या यादीत रुग्णाचा क्रमांक टिकतो, परंतु त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी दूरध्वनी लागतो, आणि तो बदलला की समाजसेविका ताई हतबल होतात. घरी सोडताना दोन क्रमांक मागितले जातात. दुसरा क्रमांक गावात कायम राहणाऱ्या कोणाचा तरी द्यावा: शेजाऱ्यांचा, आशाताईंचा, किराणा दुकानाचा. कामासाठी परगावी जाणार असाल तर तेही सांगावे, म्हणजे नळी, टाके किंवा प्लास्टर काढण्याची तारीख त्याप्रमाणे अलीकडे घेता येते किंवा वाटेवरच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी देता येते. आज येथे आलेल्या ज्यांच्या घरी अशी तारीख बाकी असेल, त्यांनी भोजनापूर्वी तळमजल्यावरच्या नोंदणी खिडकीवर आपले कार्ड दाखवावे. ताई तेथे दुपारी दोनपर्यंत बसणार आहेत. यानंतर खजिनदार महोदय लेखापरीक्षित ताळेबंद सभेपुढे ठेवतील.